संत्र्यांवरची जकात

१९०० सालच्या नोव्हेंबरात पोर्तो रिकोतल्या सान हुआन बंदरातून निघालेली संत्री न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरली. कस्टम्सने त्यांच्यावर ६५९ डॉलर ३५ सेंट जकात आकारली. सॅम्युएल डाउन्स या व्यापाऱ्याने निषेध नोंदवून ती भरली आणि कोर्टाची पायरी चढला. त्याचं म्हणणं कुणालाही पटेल असं होतं. पोर्तो रिको दोन वर्षांपूर्वी स्पेनकडून अमेरिकेकडे आलं, तिथे झेंडा अमेरिकेचा, गव्हर्नर अमेरिकेने नेमलेला. फ्लोरिडाहून आलेल्या संत्र्यांवर न्यूयॉर्कात जकात नाही, मग यांच्यावरच का? राज्यघटना तर म्हणते की जकात साऱ्या अमेरिकेत एकसारखी हवी.

२७ मे १९०१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी डाउन्सला परत पाठवलं. न्यायमूर्ती एडवर्ड व्हाइट यांनी आपल्या सहमतीच्या निकालपत्रात जो युक्तिवाद केला तो आजही कायद्याच्या पुस्तकांत जिवंत आहे. पोर्तो रिको अमेरिकेच्या मालकीचं आहे, म्हणून आंतरराष्ट्रीय अर्थाने तो परका देश नाही. पण अमेरिकेत त्याचा समावेश केलेला नाही, म्हणून घरगुती अर्थाने ते परकंच आहे. बाहेरच्यांनी विचारलं तर आमचं, घरच्यांनी विचारलं तर आमचं नव्हे.

समुद्रापलीकडचं अमेरिकन साम्राज्य म्हटलं की १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धातल्या तोफा, ‘मेन’ जहाजाचा स्फोट आणि टोपी घातलेला थिओडोर रूझवेल्ट डोळ्यांपुढे येतो. त्यावर दोन ठरीव भाष्यं ऐकू येतात. एक म्हणतं, हे ओघात घडलं, क्युबाला सोडवायला गेलेल्यांच्या पदरात फिलिपिन्स पडलं. दुसरं म्हणतं, बाजारपेठांसाठी भांडवलदारांनी आखलेला तो बेत होता. पहिलं खोटं आहे. दुसरं बरंचसं खरं असूनही ढोबळ आहे, कारण भांडवलदारांतच एकवाक्यता नव्हती. माझ्या मते या साम्राज्याची करामत लढायांत शोधू नये. त्या काळी ब्रिटनचं आरमार अमेरिकेच्या कितीतरी पुढे होतं. जमीन, बंदर आणि बाजार ताब्यात घ्यायचे आणि तिथल्या माणसांना उंबऱ्याबाहेर उभं ठेवायचं, याची कायदेशीर सोय लावणं ही अमेरिकेची खास कमाई. ती एका झटक्यात सुचलेली नाही. आधी पक्ष्यांच्या विष्ठेवर, मग कोळशावर आणि साखरेवर तिचे प्रयोग झाले. संत्र्यांच्या खटल्यात तिच्यावर फक्त शिक्का बसला.

विष्ठेपासूनच सुरुवात करावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तंबाखू आणि कापसाने अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जमिनी निकस झाल्या होत्या. पेरूजवळच्या बेटांवर पाऊस जवळपास पडत नाही, त्यामुळे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेतला नत्र धुपत नाही आणि थरावर थर साचत जातात. हे खत म्हणजे गुआनो. त्यावर पेरू सरकारची मक्तेदारी होती आणि भाव चढे होते. तेव्हा अमेरिकन काँग्रेसने १८५६ मध्ये कायदा केला, की कुणाच्याही ताब्यात नसलेल्या निर्मनुष्य बेटावर अमेरिकन नागरिकाला गुआनो सापडला तर राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीने ते बेट अमेरिकेशी ‘संलग्न’ मानता येईल. ‘संलग्न’ हा शब्द मुद्दाम निवडलेला. बेट देशाचा भाग होतं असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. पुढे अशीही तरतूद आहे की खत उकरून संपल्यावर बेट ताब्यात ठेवण्याचं बंधन अमेरिकेवर नाही. रस काढून चिपाड टाकून देण्याची मुभा कायद्यातच लिहून ठेवली.

हा कायदा कागदावर राहिला नाही. हैतीजवळच्या नवासा बेटावर एका खत कंपनीचे कृष्णवर्णीय मजूर राबत होते. १८८९ मध्ये तिथे बंड झालं, पाच मुकादम मारले गेले, मजुरांवर अमेरिकेत खटले चालले आणि तिघांना फाशी ठोठावली गेली. त्यांच्या वकिलांनी विचारलं, बेट अमेरिका नाही तर अमेरिकेच्या कोर्टाचा अधिकार आला कुठून? १८९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिलं की बेट संलग्न आहे, अधिकार पोचतो. राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी पुढे फाशी रद्द करून जन्मठेप दिली, पण तत्त्व पक्कं झालं. हक्कांपुरतं बेट देशाबाहेर आणि शिक्षेपुरतं देशात असू शकतं.

कोळशाचा प्रयोग जास्त खर्चिक होता. शिडाचं जहाज वाऱ्यावर पृथ्वीप्रदक्षिणा करू शकतं; वाफेच्या युद्धनौकेला ठरावीक अंतरानंतर बंदर गाठावंच लागतं. उसळत्या समुद्रात दोन जहाजं एकमेकांना बांधून कोळशाच्या गोण्या चढवणं धोक्याचं, म्हणून आडोशाचं पाणी, वखार आणि मजूर लागतात. शांततेच्या काळात हे सगळं कुठल्याही बंदरात पैसे मोजून मिळतं. युद्ध सुरू झालं की तटस्थतेचे नियम आड येतात. ब्रिटनच्या नियमाप्रमाणे लढणाऱ्या देशाच्या जहाजाला स्वतःच्या देशाच्या सर्वांत जवळच्या बंदरापर्यंत पुरेल एवढाच कोळसा मिळे आणि त्यानंतर तीन महिने ब्रिटिश बंदरांत पुन्हा मागता येत नसे. स्वतःचं बंदर जवळ नसलेल्या आरमाराला हा नियम फासासारखा. १८७८ मध्ये सामोआतलं पागो पागो, १८८७ मध्ये हवाईतलं पर्ल हार्बर, अशा जागांवर अमेरिकेने हक्क मिळवले ते या हिशेबाने. १८९० मध्ये आल्फ्रेड महान या नौदल अधिकाऱ्याने सागरी सत्तेवरचा ग्रंथ लिहून त्या हिशेबाला तत्त्वज्ञान पुरवलं.

२५ फेब्रुवारी १८९८ रोजी नौदल खात्याचा सहायक सचिव रूझवेल्ट याने आशियातल्या आरमाराचा प्रमुख जॉर्ज डुई याला तार केली. आरमार हाँगकाँगला न्या, युद्ध झालं तर स्पॅनिश आरमाराला आशियाचा किनारा सोडू देऊ नका आणि मग फिलिपिन्समध्ये चढाई करा. या हुकमांच्या मधोमध आणखी एक होता: कोळसा भरलेला ठेवा. डुईने ‘नानशान’ नावाचं कोळशाचं जहाज आतल्या मालासकट विकतच घेतलं. युद्ध लागताच ब्रिटिशांनी त्याला हाँगकाँगमधून काढता पाय घ्यायला सांगितलं, तो चीनच्या किनाऱ्यावरच्या मिर्स उपसागरात थांबला आणि १ मेच्या सकाळी मनिलात स्पॅनिश आरमार बुडवून मोकळा झाला. तार मात्र युद्धाच्या दोन महिने आधीची आहे. ‘ओघात घडलं’ म्हणणाऱ्यांनी एवढी तारीख तरी पाहावी.

ज्या स्फोटाने युद्ध पेटलं त्याच्या मुळाशीही बहुधा कोळसाच असावा. १५ फेब्रुवारीला हवानाच्या बंदरात ‘मेन’ फुटली, अडीचशेहून जास्त खलाशी गेले, नौदलाच्या चौकशीने पाणसुरुंगावर बोट ठेवलं आणि वर्तमानपत्रांनी स्पेनवर. १९७६ मध्ये अ‍ॅडमिरल रिकोव्हर यांच्या गटाने पुरावे पुन्हा तपासले आणि आतूनच आग लागल्याची शक्यता सर्वांत जास्त धरली. दारूगोळ्याच्या कोठाराला खेटून कोळशाची कोठी होती, आणि त्या जातीचा कोळसा साठवणीत आपोआप तापून धुमसू शकतो.

पण कोळशाने सगळं उलगडत नाही. कोळशाला एक बंदर पुरतं, सात हजार बेटं लागत नाहीत. राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांनीही सप्टेंबर १८९८ मध्ये तहाच्या शिष्टमंडळाला फक्त लुझॉन बेट मागायला सांगितलं होतं. २६ ऑक्टोबरला सारा द्वीपसमूह मागा असा निरोप गेला. मनिलाच्या उपसागरात घुटमळणारं जर्मन आरमार, चीनच्या बाजाराची स्वप्नं, घरच्या निवडणुका, अशी कारणं त्यात मिसळली होती.

साखरेचं गणित त्याहून खोल जातं, आणि ते समजायला हवाई बेटांइतकं स्वच्छ उदाहरण नाही. १८७५ मध्ये हवाईच्या राजाशी परस्पर सवलतीचा करार झाला. हवाईची कच्ची साखर अमेरिकेत बिनजकात येऊ लागली. बदल्यात आपलं कोणतंही बंदर दुसऱ्या सत्तेला भाड्याने द्यायचं नाही असं हवाईने कबूल केलं. इतरांच्या साखरेवर पौंडामागे दोन सेंटच्या आसपास जकात होती. ती न भरल्यामुळे उरलेले पैसे हाच ऊसमळ्यांचा मुख्य नफा. पंधरा वर्षांत साखरेची निर्यात जवळपास दहापट झाली, चीन आणि जपानमधून हजारो मजूर आणले गेले आणि सारं राज्य एका गिऱ्हाइकावर उभं राहिलं. १८८७ मध्ये कराराच्या नूतनीकरणात पर्ल हार्बरचा हक्क गेला. त्याच वर्षी गोऱ्या मळेवाल्यांच्या सशस्त्र गटाने राजाकडून नव्या घटनेवर सही घेतली. तिने राजाचे अधिकार छाटले, मतदानाला मालमत्तेची अट घातली आणि आशियाई मजुरांना वगळून टाकलं.

मग १८९० चा जकात कायदा आला. त्याचा कर्ता होता विल्यम मॅकिन्ली, तेव्हा काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहातल्या करसमितीचा अध्यक्ष. कायद्याने कच्च्या साखरेवरची जकात सगळ्यांसाठीच उठवली आणि देशी साखरेला पौंडामागे दोन सेंट अनुदान दिलं. एका फटक्यात हवाईचा ऊस क्युबाच्या उसाबरोबर रांगेत उभा राहिला आणि लुइझियानाचा ऊस पुढे निघून गेला. ‘देशी’ व्हायचं तर देशात जायला हवं, हा विचार इथून जोर धरतो. जानेवारी १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी हिने मूळ अधिकार परत घेणारी घटना आणायचं ठरवताच तेरा जणांच्या ‘सुरक्षा समिती’ने अमेरिकेचा राजदूत जॉन स्टीव्हन्सकडे धाव घेतली. १६ जानेवारीला ‘बोस्टन’ युद्धनौकेवरून १६२ सैनिक होनोलुलूत उतरले, दुसऱ्या दिवशी राज्य बुडालं. गोळीबार करावाच लागला नाही. सैन्य कुठे उभं केलं होतं एवढ्यावरून राणीला काय ते कळलं.

मात्र सगळे मळेवाले विलीनीकरणाला राजी होते असं समजणं चूक. सर्वांत बडा साखरसम्राट क्लाउस स्प्रेकेल्स विरोधात होता, कारण अमेरिकेचा कायदा लागू झाला तर बांधीव करारावरचे मजूर आणता येणार नव्हते. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँडने विलीनीकरणाचा तह मागे घेऊन चौकशी लावली, तर बंडवाल्यांनी ४ जुलै १८९४ रोजी प्रजासत्ताक जाहीर करून वाट पाहिली. मॅकिन्ली राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १८९७ मध्ये पुन्हा तह आला. तेव्हा हवाईच्या मूळ रहिवाशांनी २१ हजारांहून जास्त सह्यांचा विरोधी अर्ज वॉशिंग्टनला नेला. त्यांची एकूण संख्याच चाळीस हजारांच्या घरात होती. तहाला सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात, ती जमेनात. मग युद्धाच्या धामधुमीत, ७ जुलै १८९८ रोजी, साध्या बहुमताच्या संयुक्त ठरावाने बेटं घेतली गेली. दाराला कुलूप होतं म्हणून खिडकीतून. १९९३ मध्ये काँग्रेसने राणीचं राज्य उलथवण्याबद्दल रीतसर माफी मागितली आणि त्याच ठरावात लिहून ठेवलं की याने अमेरिकेविरुद्धच्या कोणत्याही दाव्याचा निपटारा होत नाही.

याच जकातीने क्युबाचंही पाणी ढवळलं. १८९० च्या सवलतीने क्युबाचं उत्पादन १८९४ पर्यंत दहा लाख टनांवर गेलं. त्याच वर्षी नव्या कायद्याने साखरेवर ४० टक्के जकात परत आली. मळे बसले, मजूर उघड्यावर आले, आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये होसे मार्ती यांचा उठाव सुरू झाला. जकातीमुळे उठाव झाला असं म्हणणं मार्तींवर अन्याय करणारं आहे, स्वातंत्र्याची लढाई १८६८ पासून चालूच होती. पण उपाशी माणसं कुठून आली, याचं उत्तर वॉशिंग्टनच्या दरपत्रकात सापडतं. एप्रिल १८९८ मध्ये युद्धाच्या ठरावाला सिनेटर टेलर याने दुरुस्ती जोडली, की क्युबावर सत्ता गाजवण्याचा अमेरिकेचा इरादा नाही. टेलर कोलोराडोचा. तिथे बीटच्या साखरेचे हितसंबंध उभे राहत होते, आणि क्युबाची साखर बिनजकात आत आली तर आपलं काय, हा प्रश्न नीतिमत्तेच्या शेजारीच मांडी घालून बसला होता.

युद्ध चार महिनेसुद्धा चाललं नाही. ‘ओरेगॉन’ युद्धनौकेला सॅन फ्रान्सिस्कोहून दक्षिण अमेरिकेला वळसा घालून फ्लोरिडाला यायला ६६ दिवस लागले, आणि पनामाच्या कालव्याची निकड त्या वळशाने जितकी पटवली तितकी कुठल्या अहवालाने पटवली नसेल. ग्वामची कथा तर विनोदी आहे. अमेरिकन जहाजाने किल्ल्यावर तोफा डागल्या. युद्ध लागल्याचं ठाऊक नसलेले स्पॅनिश अधिकारी होडीतून आले आणि म्हणाले, माफ करा, सलामीला उत्तर द्यायला आमच्याकडे दारूच नाही.

१० डिसेंबर १८९८ च्या पॅरिसच्या तहात मात्र विनोद नाही. फिलिपिन्ससाठी दोन कोटी डॉलर दिले हे सर्वांना आठवतं. महत्त्वाचं आहे ते नववं कलम. तिथल्या मूळ रहिवाशांचे नागरी हक्क आणि राजकीय दर्जा अमेरिकन काँग्रेस ठरवेल, एवढंच त्यात म्हटलं. १८०३ मध्ये लुइझियाना घेताना तिथल्या लोकांना संघराज्यात सामावून नागरिकत्व देण्याचं वचन तहातच होतं. १८६७ मध्ये अलास्का घेतानाही, ‘असंस्कृत’ जमाती वगळून का होईना, होतं. १८९८ मध्ये पहिल्यांदाच वचन गाळलं गेलं. नकार द्यायचीही गरज पडली नाही, ती ओळ लिहिलीच नाही. सिनेटने ६ फेब्रुवारी १८९९ रोजी ५७ विरुद्ध २७ मतांनी तह मंजूर केला, गरजेपेक्षा एक मत जास्त. दोनच दिवस आधी मनिलाच्या वेशीवर फिलिपिनो आणि अमेरिकन सैन्यांत गोळीबार सुरू झाला होता.

कारण विकत घेतलेल्या मालाने आधीच स्वतःला स्वतंत्र जाहीर केलं होतं. एमिलिओ आगिनाल्दो यांनी १२ जून १८९८ रोजी स्वातंत्र्य घोषित केलं, पुढच्या जानेवारीत मालोलोसला राज्यघटनेसह प्रजासत्ताक उभं राहिलं. त्यापुढचं युद्ध अमेरिकेने अधिकृतपणे ४ जुलै १९०२ ला संपवलं. चार हजारांवर अमेरिकन सैनिक गेले, वीस हजारांवर फिलिपिनो लढवय्ये, आणि हिंसा, दुष्काळ, पटकी यांत मेलेल्या नागरिकांचा आकडा दोन लाखांपर्यंत धरला जातो. स्पेनच्या जनरल वेयलरने क्युबातल्या शेतकऱ्यांना छावण्यांत कोंडलं तेव्हा मॅकिन्ली यांनी काँग्रेससमोर त्याला युद्ध नव्हे, संहार म्हटलं होतं. डिसेंबर १९०१ मध्ये जनरल बेलने बातांगास प्रांतात तेच केलं: लोकांना आखलेल्या हद्दीत आणायचं, हद्दीबाहेरचं धान्य आणि गुरं शत्रूची समजायची. गर्दीत रोगराई, बाहेर ओस शेतं, आणि पुढच्या हंगामात उपासमार. समार बेटावर जनरल जेकब स्मिथने दहा वर्षांवरच्या, शस्त्र धरू शकेल अशा प्रत्येकाला मारण्याचा हुकूम दिला. लष्करी न्यायालयाने त्याला दोषी धरून समज दिली आणि मग त्याला निवृत्त करण्यात आलं.

शाळांबद्दल बोललं पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी होईल. १९०१ मध्ये ‘थॉमस’ जहाजातून सुमारे पाचशे अमेरिकन शिक्षक मनिलाला उतरले. त्यांनी काढलेल्या शाळा आणि नंतरची रोगप्रतिबंधक कामं ही खरी आहेत, फिलिपिनोही ती नाकारत नाहीत. पण हीच यादी आपल्याकडे रेल्वे आणि तारखात्याच्या नावाने वाचली जाते. योगायोग म्हणजे ‘गोऱ्या माणसाचं ओझं’ ही कविता फेब्रुवारी १८९९ मध्ये छापून अमेरिकेला हे ओझं उचलायला सांगणारे रुडयार्ड किपलिंग मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मले होते.

विरोधक अमेरिकेतही होते. जून १८९८ मध्ये बॉस्टनला साम्राज्यविरोधी चळवळ सुरू झाली आणि तिच्यात मार्क ट्वेन, अँड्र्यू कार्नेगी, कामगारनेते सॅम्युएल गॉम्पर्स असे एरवी एका ताटात न जेवणारे लोक आले. आज त्यांना विवेकाचा आवाज म्हणून गौरवलं जातं. ट्वेनपुरतं ते योग्यही आहे. पण दक्षिणेतल्या सिनेटरांची भाषणं वाचली तर अंगावर काटा येतो. सत्तर लाख ‘आशियाई’ आपल्या घरात घेऊ नका, हा त्यांचा साम्राज्यविरोध. साम्राज्यवादी म्हणत, ही माणसं कनिष्ठ आहेत म्हणून त्यांच्यावर राज्य करा. विरोधक म्हणत, कनिष्ठ आहेत म्हणून लांब ठेवा. वाद राज्यघटना झेंड्याच्या मागोमाग जाते की नाही, असा दिसत होता. जमीन झेंड्याखाली आणायची आणि राज्यघटना किनाऱ्यावर थांबवायची, ही तडजोड दोघांनाही सोयीची ठरली. १९०१ चे निकाल हीच तडजोड आहेत. डाउन्सच्या खटल्यात न्यायालयाचा निर्णय जाहीर करणारे न्यायमूर्ती हेन्री ब्राउन यांनीच १८९६ मध्ये गोऱ्या-काळ्यांसाठी रेल्वेचे ‘वेगळे पण समान’ डबे वैध ठरवले होते. दोन्ही वेळा विरोधी मत नोंदवणारे न्यायमूर्ती हार्लनही तेच.

या तडजोडीखाली पोर्तो रिकोचं काय झालं? ऑगस्ट १८९९ च्या चक्रीवादळाने कॉफीचे मळे उखडले. स्पेन आणि क्युबातली सवलतीची बाजारपेठ आधीच तुटली होती. १९०० च्या कायद्याने स्थानिक पेसोचा भाव ६० सेंट ठरवून चलन बदललं. डॉलरमध्ये कर्ज फेडायचं आणि कॉफीला गिऱ्हाईक नाही, अशा कात्रीत सापडलेल्यांच्या जमिनी सुटू लागल्या. ५०० एकरांपेक्षा जास्त जमीन कंपन्यांनी बाळगू नये असा ठराव काँग्रेसने केला होता, तो पाळून घ्यायची यंत्रणा केली नाही. साखर कंपन्या पसरल्या. आणि बेकार झालेले सुमारे पाच हजार पोर्तो रिकन १९००-०१ मध्ये हवाईच्या ऊसमळ्यांवर नेले गेले. साम्राज्याचं एक टोक दुसऱ्या टोकाला मजूर पुरवू लागलं.

क्युबात टेलरच्या दुरुस्तीमुळे हात बांधलेले होते, म्हणून तिथे वेगळा मार्ग काढला. मार्च १९०१ मध्ये लष्कराच्या खर्चाच्या विधेयकाला प्लॅट दुरुस्ती चिकटवण्यात आली. मराठी वाचकाला ती समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. वसईचा तह आठवला की पुरे. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने सहा हजार तैनाती फौज ठेवून घेतली, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय इतरांशी तहनामे न करण्याचं मान्य केलं. प्लॅटची कलमं अशी: स्वातंत्र्याला बाधा येईल असा तह कुणाशी करायचा नाही, उत्पन्नापेक्षा जास्त कर्ज काढायचं नाही, अमेरिकेला हस्तक्षेपाचा अधिकार राहील, कोळशासाठी व नौदलासाठी जागा द्यावी लागेल. शहरांच्या स्वच्छतेची हमीसुद्धा एका कलमात आहे. १८९७ चा पुण्याचा प्लेग ज्यांनी वाचला आहे त्यांना स्वच्छता हे राज्यकर्त्याच्या हातात किती धारदार कारण होतं ते सांगायला नको. फरक एवढाच की पेशव्याने पुन्हा गादीवर बसण्यासाठी सही केली. क्युबाच्या घटना समितीला सांगण्यात आलं की हे घटनेत घातल्याशिवाय फौज हलणार नाही. १२ जून १९०१ रोजी १६ विरुद्ध ११ मतांनी त्यांनी ते गिळलं. तिथला लष्करी गव्हर्नर लेनर्ड वुड याने त्याच वर्षी रूझवेल्टला खासगी पत्रात कळवलं, की प्लॅट दुरुस्तीनंतर क्युबाकडे स्वातंत्र्य जवळजवळ उरलेलंच नाही.

१९०३ च्या भाडेपट्ट्याने ग्वांतानामो मिळालं, वर्षाला दोन हजार सोन्याचे डॉलर भाड्याने. अंतिम सार्वभौमत्व क्युबाचं, संपूर्ण अंमल अमेरिकेचा, असं त्यात लिहिलं आहे. १९३४ मध्ये प्लॅट दुरुस्ती गेली, पण नव्या तहाने पट्टा दोघांच्या संमतीशिवाय संपणार नाही असं करून ठेवलं. अमेरिका दरवर्षी ४,०८५ डॉलरचा चेक पाठवते, क्युबाचं सरकार तो वटवत नाही. एकविसाव्या शतकात कैद्यांना ठेवायला हीच जागा का निवडली, याचं उत्तर भाडेपट्ट्यातल्या त्या वाक्यात आहे, आणि २००८ मध्ये कैद्यांना न्यायालयात दाद मागू द्यायची की नाही हे ठरवताना सर्वोच्च न्यायालयाला संत्र्यांच्या काळातले निकाल पुन्हा उघडावे लागले.

क्युबाचा नमुना पुढे जागोजागी वापरला गेला. नोव्हेंबर १९०३ मध्ये कालव्याच्या तहावर पनामाच्या वतीने सही केली ती एका फ्रेंच इंजिनिअरने, शिष्टमंडळ वॉशिंग्टनला पोचण्याआधीच. दहा मैल रुंद पट्ट्यावर अमेरिका ‘जणू सार्वभौम असल्याप्रमाणे’ अधिकार वापरेल, हे त्यातलं शब्दांकन. डोमिनिकन प्रजासत्ताकात १९०५ पासून अमेरिकेने जकातनाकीच चालवायला घेतली: वसुलीचे ५५ टक्के सावकारांना, ४५ टक्के सरकारला. झेंडा बदलला नाही, गल्ल्यावरचा माणूस बदलला. २० जानेवारी २०२५ ला डोनाल्ड ट्रम्प यांच्या शपथविधीच्या भाषणात मॅकिन्लीचा गौरव आणि पनामा कालवा परत घेण्याची भाषा एकत्र आली तेव्हा अनेकांना तो लहरीपणा वाटला. आयातशुल्क आणि परका भूभाग ही जोडगोळी तिथे सव्वाशे वर्षांची आहे.

यावर नेहमी एक आक्षेप येतो: अमेरिकेने फिलिपिन्स स्वतःहून सोडलं ना? सोडलं. कसं सोडलं तेही पाहावं. पॅरिसच्या तहाने स्पेनला दहा वर्षं समान अटी दिल्या होत्या, त्यामुळे मुक्त व्यापार १९०९ मध्ये सुरू झाला. मग नेग्रोस बेटावरची साखर आणि नारळाचं तेल अमेरिकेत वाहू लागलं. मंदीत बीटवाले, क्युबात पैसा गुंतवलेले आणि लोण्याचे उत्पादक एकत्र आले; पश्चिम किनाऱ्यावरच्या कामगार संघटनांना फिलिपिनो मजूर नको होते. १९३४ च्या कायद्याने दहा वर्षांनी स्वातंत्र्य कबूल केलं, आणि ते यायच्या आधीच फिलिपिनोंना परके ठरवून वर्षाला ५० जणांचा कोटा लावला. त्याच वर्षी नारळाच्या तेलावर पौंडामागे तीन सेंट कर बसला. फिलिपिनो नेत्यांची तीन दशकांची धडपड मी कमी लेखत नाही. त्यांच्याशिवाय हा कायदा झालाच नसता. पण तो नेमका तेव्हा का झाला, हे दूधसंघांना आणि साखर कारखान्यांना विचारावं. १९४६ च्या स्वातंत्र्यासोबत आलेल्या व्यापार कायद्यात पेसो डॉलरला बांधलेला होता आणि अमेरिकनांना खाणी-जमिनींत फिलिपिनोंच्या बरोबरीचे हक्क होते. पुढच्या वर्षी ९९ वर्षांचा लष्करी तळांचा करार झाला. त्याची मुदत नंतर घटवली गेली, आणि तळ पुढे चालू ठेवणारा नवा तह १९९१ मध्ये फिलिपिनो सिनेटने एका मताच्या फरकाने नाकारला.

उरलेल्या ठिकाणी मामला तसाच आहे. अमेरिकन सामोआत जन्मलेला माणूस अमेरिकेचा राष्ट्रीय असतो, नागरिक नसतो. इथे एक गुंता आहे जो विरोधकांनी टाळू नये: जन्मसिद्ध नागरिकत्वाच्या मागणीला खुद्द तिथल्या सरकारनेच कोर्टात विरोध केला आहे. अमेरिकन राज्यघटना पूर्णपणे लागू झाली तर सामाईक जमिनीची पद्धत मोडेल, ही त्यांची भीती. जुन्या निकालांनी दिलेला अर्धवटपणा त्यांनी ढालीसारखा वापरला.

पोर्तो रिकोच्या सुमारे ३२ लाख लोकांना १९१७ पासून नागरिकत्व आहे, राष्ट्राध्यक्षासाठी मत नाही, आणि काँग्रेसमध्ये एक प्रतिनिधी आहे ज्याला अंतिम मतदानाचा हक्क नाही. सत्तर अब्ज डॉलरहून जास्त कर्ज थकलं तेव्हा २०१६ मध्ये काँग्रेसने सात जणांचं वित्तीय मंडळ नेमलं. निवडून आलेल्या सरकारचा अर्थसंकल्प त्याच्या संमतीशिवाय पुढे सरकत नाही. बेटावरचे लोक त्याला ‘ला हुंता’ म्हणतात; स्पॅनिशमध्ये हुंता म्हणजे मंडळ, आणि लष्करी राजवटीलाही तोच शब्द.

२०१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अपंगत्वाचा केंद्रीय भत्ता घेणारा एक पोर्तो रिकन आपल्या बेटावर परतला. भत्ता काही वर्षं खात्यात येत राहिला. सरकारच्या लक्षात आलं तेव्हा तो थांबवण्यात आला आणि २८ हजार डॉलरहून जास्त रक्कम परत मिळावी म्हणून त्याच्यावर दावा ठोकण्यात आला, कारण तो भत्ता पोर्तो रिकोत राहणाऱ्यांना लागू नाही. माणूस तोच, पासपोर्ट तोच, आजारही तोच. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी सरकारची बाजू उचलून धरली. न्यायमूर्ती गॉर्सच यांनी १९०१ च्या निकालांना राज्यघटनेत आधार नाही, ते वांशिक समजुतींवर उभे आहेत असं स्वतंत्रपणे लिहिलं, आणि निकालाच्या बाजूनेच मत दिलं. बहुमताने दिलेलं कारण करांचं होतं: बेटावरचे रहिवासी बहुतेक केंद्रीय आयकर भरत नाहीत, तेव्हा काँग्रेसने त्यांना वेगळं वागवलं तर चालतं. कोणता कर तिथे लागू करायचा हे ठरवतं ते काँग्रेसच.